चिखलाने श्वास रोखला

जयश्री : अहो दिपक, हा पेशंट नाही. समुद्राच्या तळाचा चिखल आहे.

दिपक : समजलं मॅडम. पण या एक्स-रेच्या टेबलावर आडवा झाला की माझ्यासाठी पेशंटच. कुठे लागलंय?

जयश्री : गुजरातला लॅबमध्ये नेत होते. विवळवेढ्याजवळ गाडी खड्ड्यात आदळली. या नळकांड्यात चिखल, चिखलात बर्फ, बर्फात गॅस. आत समुद्राखालचा दाब ठेवलाय म्हणून बर्फ टिकतो. आता टिकलाय की गेला, तेवढं दाखवा.

दिपक : झाकण उघडून बघा ना.

जयश्री : उघडलं की दाब गेला, दाब गेला की बर्फाचा गॅस झाला. जहाजावर उलट्या करत मिळवलेला हा एकच तुकडा आहे. मग माझ्याकडे उरणार नुसता चिखल.

बुधीबाई : चिखल आमच्या खाडीत पण हाय, बाय. न्यायला कोण येत नाही.

दिपक : बुधीबाई, तुमचं मनगट याच्यानंतर. हां, श्वास रोखून धरा.

जयश्री : कोणाला सांगताय?

दिपक : त्याला. ते बोलल्याशिवाय माझं बोट बटणावर जात नाही. बुधीबाई, तुम्ही नाही, तुम्ही घ्या श्वास. हे बघा, पुसट आला. पेशंटने ऐकलं नाही.

जयश्री : चिखल श्वास घेत नाही हो.

दिपक : मग घुरघुर कोण करतंय? हात ठेवून बघा, छाती हलतेय.

जयश्री : तो पंप आहे. तोच दाब धरून ठेवतो.

दिपक : बंद करा.

जयश्री : आणि दाब उतरला तर? बर्फ आहे का ते बघण्यापायी मीच तो घालवायचा?

दिपक : मग पुसट घेऊन जा. रिपोर्टमध्ये लिहितो, पेशंटने सहकार्य केलं नाही.

बुधीबाई : समुद्राच्या बुडाशी राहिलाय ना तो? त्याला दम धरायची सवय असंल. कर बंद, पोरी.

जयश्री : करते. पण झटकन घ्या.

दिपक : झटकन नाही, नीट घेणार. श्वास रोखून धरा... आला.

(तिघेही स्क्रीनवर वाकतात.)

दिपक : या काळ्या रेघा बघा. चांगलीच फ्रॅक्चर्स आहेत, मॅडम.

जयश्री : तोच बर्फ. भेगाभेगांत बसलाय. आहे, सगळा आहे.

दिपक : फ्रॅक्चर बघून हसणारे नातेवाईक पहिल्यांदा बघतोय.

जयश्री : ही बारीक शीर बघा, केसाएवढी...

बुधीबाई : बाय, बघत काय बसलीस? त्याला आधी श्वास घेऊ दे.