एक खोकला, एक पॉइंट

नको, गोळी नको, काका — म्हणजे द्या, द्याच एक, पण मला सर्दी झालीय असं समजू नका. घसा ठणठणीत आहे माझा, नुसता खवखवतोय. का खवखवतोय? तर खोकायचं नाही म्हणून! हात अडकलेले असले की नेमकी नाकालाच खाज सुटते की नाही — तसं. इथे बसून मी एकदा, फक्त एकदा, नुसतं 'खं' जरी केलं ना, तर ती बघा — ती खाली कोर्टवर, पिवळ्या टी-शर्टातली, एवढीशी — टिल्ली म्हणतो आम्ही घरी, माझी मुलगी — ती पुढचा पॉइंट समोरच्या मुलीला देऊन टाकणार. मुद्दाम! सर्व्हिस तिची असेल तर सरळ नेटमध्ये मारणार, समोरचीची असेल तर रॅकेट खाली करून उभी राहणार, अगदी बस येईपर्यंत उभं राहावं तशी. हसू नका हो, हसू नका — म्हणजे हसा, पण हळू, त्या कोपऱ्यात निळी टोपी घालून बसल्यात ना, त्या कोच बाई आहेत, आणि मी कुजबुजलो तरी त्यांचा कान हलतो.

आता खोकल्याचा आणि पॉइंटचा काय संबंध, असंच ना? सांगतो. रॅली संपू दे — गेला! आपला! टाळ्या वाजवल्या तर चालतं, टाळ्यांवर बंदी नाही. सतरा-सोळा. दोघींनी एकेक गेम घेतलाय, हा शेवटचा, एकवीसला संपणार. तर इथे रेषेवर बघायला माणूस नसतो, बघताय ना? आपल्या बाजूला पडलेलं शटल आत की बाहेर, ते ज्याचं त्यानं खरं सांगायचं. आता एवढ्याशा पोरीनं खेळायचं, पळायचं, आणि वर रेषाही बघायची? मग बाप कशाला आहे? माझं चष्म्याचं दुकान आहे, काका. दिवसभर लोकांना तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावतो. माझी नजर म्हणजे — बरं ते जाऊ दे. तर मी आपली एक पद्धत बसवली. एक खोकला, म्हणजे आऊट. दोन खोकले, म्हणजे आत पडलंय, गप्प बस. आणि लांब, ओढून, असा म्हाताऱ्या माणसासारखा — माफ करा हं, तुम्हाला नाही — असा लांबलचक खोकला म्हणजे, पाणी पी. पाणी प्यायचं विसरते हो ती. अजून विसरते. आत्ताही बघा, बाटली तशीच भरलेली!

मस्त चाललं होतं. प्रत्येक पॉइंटनंतर तिची मान अशी वर व्हायची, माझ्याकडे. कणसावरच्या पाखरासारखी, टुकूटुकू बघायची. मी खोकायचो, ती सांगायची. मग एकदा काय झालं — मला खरीखुरी सर्दी झाली. खरीखुरी! नाक गच्च, डोळे लाल, बायको म्हणाली घरी पड, पण मॅच सोडतोय कोण? आणि मी खोकतोय, खोकतोय, थांबतच नाहीये, आणि टिल्ली खाली आऊट, आऊट, आऊट करत सुटली. शेवटी एक शटल पडलं ते कुठे माहितीये? तिच्या बुटावर! कोर्टाच्या मधोमध, तिच्या स्वतःच्या बुटावर, आणि ही मान वर करून, छाती काढून म्हणते — आऊट! समोरची पोर तोंड उघडं टाकून उभी. तेव्हा कोच बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. मी तोपर्यंत बाकाखाली रुमाल शोधत होतो. रुमाल खिशातच होता.

मला वाटलं, आता बाई बोलवून घेतात आणि चामडी सोलतात. पण नाही. मला एक शब्द नाही! तिलाच जवळ घेऊन म्हणाल्या, तुला दिसत होतं ना बुटावर पडलेलं? मग सांगितलंस कुणाच्या डोळ्यांनी? आणि मग म्हणाल्या — हे बघा, हे मला फार लागलं — म्हणाल्या, बाबांचं काय करायचं ते तू ठरव. काय करायचं म्हणजे? मी काय जुनं कपाट आहे? तर आमच्या टिल्ली बाईसाहेब घरी आल्या, हातपाय धुतले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, आणि म्हणाल्या, बाबा, एक खोकला, एक पॉइंट. तू खोकलास की मी एक पॉइंट देणार. मला वाटलं, पोरीची जात, उगाच धमकी देतेय. पुढच्या मॅचला मी मुद्दाम खोकून बघितलं. सर्व्हिस नेटमध्ये! परत खोकलो. परत नेटमध्ये! योगायोग असेल म्हणून तिसऱ्यांदा — अहो, हरली ती मॅच! माझ्यामुळे हरली, आणि घरी जाताना गाडीत गाणं गुणगुणत होती. मी रडकुंडीला आलेलो, आणि ही गाणं म्हणतेय!

तेव्हापासून तोंडाला कुलूप. बॅगही तीच भरते, तीच उचलते. रॅकेटची जाळी तुटली तर खेळाच्या दुकानात स्वतः जाऊन सांगते, किती घट्ट हवी ते. मी फक्त गाडीचं दार उघडायचो, तर परवा म्हणाली, बाबा, दाराला हँडल आहे. बायको म्हणते, आता तुलाच कुठल्या तरी क्लासला घालते, तुझा वेळ जात नाही. — अरे! अरे, अरे, उचल, उचल — हां! अठरा-अठरा. घामानं निथळलेत माझे हात, आणि खेळतेय ती. ती समोरची लांब वेणीवाली पण काय चिवट आहे हो, काही सोडत नाही, भिंत आहे नुसती. कुणाची आहे कोण जाणे, पण आईबाप काय खायला घालतात ते विचारलं पाहिजे. तुमचं कोण खेळतंय? मी मघापासून माझीच टकळी लावलीय, तुम्हाला विचारलंच नाही.

कोण? ती? वेणीवाली?

नात? तुमची नात? अहो मग आधी बोलायचं ना! मी इथे सगळं पोतं रिकामं करून बसलोय, एक खोकला काय, दोन खोकले काय — थांबा. थांबा, थांबा. काका, तुम्हाला खोकला येत नाही ना? नाही, रागावू नका, पण तुम्ही खोकलात आणि टिल्लीला वाटलं मीच खोकलो, तर? आवाज वरून येणार, तिला काय कळणार कुणाचा! घ्या, ही गोळी तुम्हीच घ्या. घ्या हो, मी चघळलेली नाही, कागदातच आहे अजून. तोंडात टाका. माझ्यासमोर टाका. हां. देव तुमचं भलं करो. नातही गुणी आहे तुमची, भिंत म्हटलं ते कौतुकानंच म्हटलं.

एकोणीस-एकोणीस. आता तुमच्यापासून काय लपवायचं? आज जी जिंकेल तिला संघात घेणार, माहितीच असेल तुम्हाला. दहा दिवस बाहेरगावी, कोच बाईंबरोबर, आईबाप कुणीही नाही, फोनसुद्धा रोज एकदाच. चांगलंच आहे. मी म्हणतोच सगळ्यांना, पोरांनी स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. तिथे जवळ एक लॉज आहे, त्याची मी चौकशी केलीय, पण नुसती चौकशी हं. खोलीच्या खिडकीतून क्रीडासंकुल दिसतं का, एवढंच विचारलं. नाही दिसत. दुसऱ्या मजल्यावरून थोडं दिसतं. — तर मी काय म्हणत होतो, घसा. घसा फार खवखवतोय हो. आणि खरं सांगू, मघाशी मनात आलं की आत्ता खोकलो तर काय होईल? एक खोकला. कुणी काही म्हणणार नाही, खोकला तर आहे, माणसाला येतो. पॉइंट जाईल, मॅच जाईल, आणि दहा दिवस घरीच राहील ती. जेवताना समोर असेल. अहो, तिची काळजी वाटते असं नाही, ती निभावेल हो, बॅगेत काय काय भरायचं ते तिनं ठरवूनसुद्धा ठेवलंय. माझंच काय ते. आता मान वर करून बघतच नाही ती. मघापासून मोजतोय — तुम्ही बघितलंत? एकदाही नाही!

काय बोलून गेलो मी. विसरा ते. वीस-एकोणीस, आपले वीस! एक पॉइंट, काका, फक्त एकच — लांब गेलं, लांब, मागे, सोड, सोड, आऊट आहे — आऊट! जिंकली! जिंक — काय? आत? आत म्हणतेय? अगं बाहेर पडलंय, मी इथून बघतोय ढळढळीत — तुम्हालाही बाहेरच दिसलं ना? खरं सांगा. मान हलवताय, म्हणजे तुम्हालाही! मग? मग ही वाकून का बघतेय, बोट का दाखवतेय रेषेवर? स्वतःच्या तोंडानं स्वतःचा पॉइंट घालवला हो पोरीनं! — आणि आपण बघतोय कुठून, काका? वरून, तिरके. तिरक्या नजरेला रेष सरकलेली दिसते, हे रोज दुकानात मीच गिऱ्हाइकांना सांगतो, की मान सरळ ठेवा. ती तिथे होती. तिला दिसलं. तिला दिसलं ते तिनं सांगितलं. तुमच्या नातीचं तोंड बघा.

वीस-वीस. आता लागोपाठ दोन हवेत. आणि आला. आला, काका, खोकला आला, खराखुरा, पोटातून — बोलू नका माझ्याशी, नाही, मीच बोलतो, बोलत राहिलो की येत नाही — तुमचा मफलर द्या, द्या इकडे, तोंडात कोंबतो, धुऊन देईन — म्म — एकवीस-वीस — कुणाचे? आपले? आपले! बाहेर जाऊ का? दार कुरकुरतं हो ते, पोरगी दचकेल — म्म्म — मारलं! मागच्या कोपऱ्यात, तुमच्या नातीच्या बाजूला, रेषेला लागून. आता सांगणार ती. तिच्या हातात आहे सगळं, आऊट म्हणाली तर कोण विचारतंय! वाकली. बघतेय. बघतेय अजून —

आत म्हणाली.

काका, आत म्हणाली हो! तुमची नात! स्वतःहून! वीस असताना आमचीनं जे केलं, तेच हिनं परत केलं, जशास तसं, याला म्हणतात — अहो रडताय काय, मी रडतोय म्हणून तुम्ही नका रडू, हा घ्या मफलर, ओला झालाय जरा. जिंकली. जाणार ती. दहा दिवस. बघा, दोघी नेटपाशी खिदळतायत, कोण हरलं कळतसुद्धा नाही. बसा, खाली जाऊ नका, तिची बॅग उचलायला जाल आणि ओरडा खाल, मला अनुभव आहे. आणि गंमत बघा, आता मी खोकायला मोकळा. मॅच संपली, वाट्टेल तेवढं खोकावं. आणि येतच नाहीये! कुठे गेला कोण जाणे.

ती — थांबा. वर बघतेय. मान वर केली तिनं, काका, माझ्याकडेच बघतेय. मूठ तोंडाशी का नेतेय? काय करतेय ती? अहो, ती खोकतेय! ऐकलंत? लांब, ओढून, अगदी माझ्यासारखा —

ती तुमच्याजवळची बाटली द्या हो जरा इकडे. पाणी प्यायला सांगितलंय मला.