सहाण आपल्या ओट्याखाली आहे

नाही, वर्गणी नको, ताई — मी देवपूजा करतो आहे. म्हणजे पूजेच्या मध्यावर आहे, आणि माझी चंदन उगाळायची सहाण आपल्या स्वयंपाकघरात आहे, ओट्याखाली, डाव्या हाताला. आपल्या म्हणजे, परवापर्यंत इथं सुखदाबाई राहत होत्या ना, त्यांच्या. त्या होसकोट्याला गेल्या, सहाण राहिली. मी बिंदुमाधव, अकराव्या मजल्यावरचा. जिन्यानं उतरलो, म्हणून स्वल्प धाप लागली आहे — या खोक्यावर टेकलो तर चालेल? ‘मैत्रेयी, पुस्तकं’. मराठीत लिहिलं आहे, बरं वाटलं. बंगळुरात आमची ही दहावी पिढी, पण दारात मराठी अक्षर क्वचितच दिसतं.

देवाची सहाण परक्या घरी कशाला, असंच ना? सांगतो. गेल्या चैत्रात डॉक्टर म्हणाले, साखर वाढली आहे, वेगळा व्यायाम जमत नसेल तर रोजच्या कामांतच हालचाल वाढवा. आता निवृत्त माणसाचं रोजचं काम कोणतं? पूजा. आणि ती तर बसून करायची. मग आमच्या सुमंतानं, चिरंजीवानं, ते चालण्याचं यंत्र आणलं. ठेवलं देवघरासमोर, कारण तेवढीच जागा रिकामी होती. मी स्नान करून, सोवळं नेसून, नामस्मरण करीत त्यावर चाललो — तीन किलोमीटर चाललो, ताई, आणि माझा बाळकृष्ण होता तेवढ्याच अंतरावर. एक वीतही जवळ आला नाही. साठ वर्षांच्या उपासनेत इतकं भय मला कधी वाटलं नव्हतं. उतरलो. त्यावर आता पंचे वाळतात.

तेव्हा ठरवलं की देवाकडं जायचं तर पाऊल खरोखर पुढं पडलं पाहिजे. पूजेचं एकेक साहित्य एकेका घरी नेऊन ठेवलं. ताम्हन सहाव्यावर हणमंतरावांकडं, देवाचं अंगपुसणं नवव्यावर विठाबाईंकडं, घंटा खाली पहारेकरी शिवाप्पाकडं — तो ती स्वतः वाजवल्याशिवाय देत नाही. अशी अकरा घरं. देवाला स्नान घालायचं आणि तसाच ओला ठेवून अंगपुसणं आणायला निघायचं. एकदा विठाबाई लग्नाला गेल्या आणि बाळकृष्ण तीन दिवस ओला राहिला. वाळला असेल तासाभरात, पण पुसला नव्हता, म्हणजे शास्त्रानं ओलाच.

साखर? उतरली का? — वाढली. डॉक्टर बुचकळ्यात पडले आहेत. मी त्यांना जिने मोजून सांगितले, कॉफ्या सांगितल्या नाहीत. देवाच्या कामाला आलेल्याला कोरडं कोण पाठवतं? हणमंतरावांकडं कॉफी, विठाबाईंकडं होळीगे, म्हणजे आपली पुरणपोळी, सुखदाबाईंकडं लाडू आणि त्यांच्या गुडघ्यांची हकिगत. पूर्वी अर्ध्या तासात आटोपणारी पूजा आता सकाळी सहाला सुरू होते आणि आरतीला दुपारचे तीन वाजतात. वाजेनात का, घाई कुणाला आहे? सुमंत आणि सूनबाई सुप्रीता आठला महादेवपुऱ्याला कामावर जातात ते अंधार पडल्यावर येतात. दिवसभर घरात बोलणारा एकटा तो फ्रिज, दार उघडं राहिलं की ‘पीं’ म्हणतो. मी कधीकधी दार मुद्दाम उघडं — ते राहू द्या. फ्रिजचं जाऊ द्या.

मुद्दा असा की सुप्रीतेनं बजावलं आहे, ‘बाबा, ज्या दिवशी एक घर नाही म्हणेल, त्या दिवशी सगळं सामान एका कपाटात.’ दहा घरं पक्की आहेत. अकरावं आपलं. सहाण म्हणजे दगड आहे, ताई, तिला ना अन्न लागतं ना पाणी. वर बाळकृष्ण वस्त्रं नेसून गंधासाठी खोळंबला आहे, म्हणून आज जरा आगंतुकपणे —

काय म्हणालात?

आपण आणून द्याल? रोज, कामावर जाताना, लिफ्टनं? आणि बाकीच्या दहा घरांचंही एका पिशवीत गोळा करून, थेट माझ्या दाराशी? या वयात मला इतके जिने नकोत म्हणून?

…दहा मिनिटांत सगळं होईल. हो. होईल खरं.

आपलं मन मोठं आहे. ते लहान करा, असं मी कसं म्हणू? पण हे पिशवीचं आपण सुप्रीतेजवळ काढू नका. विठाबाईंजवळ तर नकोच, त्यांनाही वाटायला लागेल की सोयीचं आहे. सहाण आहे तिथंच असू द्या. मी बाहेर जाऊन बेल वाजवतो, आपण उघडा, मी सहाण मागेन, आपण द्या. बाकी काही बोलणं झालेलं नाही. सरी? चालेल ना?

लावा दार.