वावर पाहायले आलेला मानूस

नाई नाई, पानी पिऊन घ्या. पान्याले मी कोनालेच नाई म्हनत नाई. पन गाडी धुऱ्याले, बांधाजवळ लावून बगीच्यात कोनाले इचारून शिरले तुम्ही? असंच? वा जी! असंच कोनी कोनाच्या वावरात येऊन माती हातात घेऊन चुरगाळते का? मी झाडाआडून पाहूनच राहिली होती. आधी खोडं पाह्यली, मंग बोरच्या पाइपात खडा टाकून कान लावला, मंग रोडकडे पाहून मनातल्या मनात काही तरी हिशेब जमवला — आता तुम्ही काही संत्र्याचे व्यापारी तं नाई वाटत. व्यापारी आला की आधी फळाचं इचारते, मातीले हात नाई लावत. मातीले हात लावनारे दुसरेच असतात. थांबा, थांबा, मले बोलू द्या आधी.

मी विजयमाला. हे वावर मायंच. प्रफुल्लचे बाबा गेले तवापासून मीच पाहून राहिली. आन् तुमच्यासारखे बूटवाले बी तवापासूनच पाहून राहिली. पांढुर्णा जिल्हा झाला ना भाऊ, तवापासून तं नुसती जत्राच लागली. आज हा येते, उद्या तो येते, बाई रोड किती दूर, बाई डायवर्शन झालं का, जमीन बिगरशेती केली का, बाई चुना टाकून प्लॉट पाडू. तिकडे तिगावच्या रस्त्यानं पाहा — पराटी उभी होती तिथं आता नुसते सिमेंटचे खांब. माया मावसबहिणीचं वावर जामसांवलीकडे, हनुमानजीच्या मंदिराजवळ, काळी कसदार जमीन, कपाशी डोक्याएवढी व्हायची. आता तिथं दर्शनाले येनाऱ्याच्या गाड्या उभ्या राहतात. हनुमानजीचं चांगलं झालं, बहिणीचं काय झालं? पैसा आला आन् गेला, आता दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं सरकी टोबायले जाते. मले तसं नाई करायचं. समजलं?

तरी तुमाले घ्यायचंच असंल तं आधी ऐकून घ्या, मंग म्हनू नका बाईनं फसवलं. पानी? कशाचं पानी! तो बोर कोरडा हाय. खड्याचा आवाज आला असंल, तो दगडाचा. माती वरून काळी दिसते, हातभर खाली गेलं की मुरूमच मुरूम. झाडं पाहून राहिले ना कशी पिवळी पडली? पानं कशी लोंबली? मरून राहिली जी. डिंक्या लागला साऱ्या बगीच्याले. आन् हा धुरा — या धुऱ्याचं भांडन हाय माया दिरासोबत. विनोद नाव त्याचं, मोठा उपद्रवी मानूस, पाय नाई ठेवू देनार तुमाले. असं वावर फुकट देल्लं तरी कोनी घेऊ नोये.

हसता काऊन? खरं सांगा, कोनं पाठवलं तुमाले? विनोदनं? का... आमच्या प्रफुल्लनं? बोला ना. मले मालूम हाय जी, लपवू नका. मागं असाच एक आला होता, आन् मायाच पोरगा त्याले बोट करून धुरा दाखवून राहिला होता — इथून तिथवर आपलंच म्हने. नागपुरात राहतो म्हनते, दुकान टाकतो म्हनते, वावरात काही उरलं नाई म्हनते. मी त्याले हात जोडले. म्हनलं, बापा, लग्न होऊ दे. आजकाल पोरीवाल्यायले पोरगा वावरात राबनारा नको असते, पन वावर तं पायजेच असते! दोन ठिकानी जुळता जुळता मोडलं त्याचं. आता सौसरची पोरगी पसंत पडली, रविवारी तिच्याकडचे येऊन राहिले. वावर हाय म्हूनच येऊन राहिले ना? एकदा अक्षता पडू दे, मंग तुले जे करायचं ते कर, असंच म्हनलं मी त्याले. तवा भाऊ, या टाइमले वावर इकायची गोठ काढू नका. जा तुम्ही. गाडी काढा धुऱ्यावरून.

काय म्हनले? दलाल नाई? मंग कोन?

सौसरहून... प्रणालीचे मामा?

अगो माय. अजी बसा ना, उभे काऊन तुम्ही? माया पोरीच्या, अमिताच्या लग्नाच्या आधी माया भाऊ बी असाच गेला होता, न सांगता, वावर पाहायले. मामाच जाते जी, रीतच हाय आपली, मले समजायले पायजे होतं. आग लागो माया तोंडाले! मामा, ते सारं खोटं होतं. भांडन खोटं, विनोदभाऊजी देवमानूस हाय. मुरूम नाई जी, खोदून पाहा पायजे तिथं. झाडाले काही रोग नाई, मीच पानी तोडलं त्यायचं — ताण देल्ला हाय बहारासाठी. झाड तहानलं तवाच फुलते, तुमाले तं मालूम असंल. आन् प्रफुल्लचं... ते मी रागात म्हनलं. पोरगं हाय, बोलते काई बी. असं नका पाहू मायाकडे.

पानी हाय, बक्कळ हाय. चला, आत्ता सोडून दाखवते. ताण तुटला तं तुटू द्या, यंदाचा बहार गेला तं जाऊ द्या, तुमी डोळ्यानं पाहून जा. हे पाहा, दाबलं मोटरचं बटन...

लाईनच नाई जी. वावराची लाईन रातच्यालेच देतात आता. थांबता का? मी भाकर टाकते, वांग्याची भाजी करते, रात व्हायले काही उशीर नाई. मामा? अजी, गाडी काऊन सुरू करून राहिले? घरी जाऊन काय सांगसान, तेवढं तं सांगून जा.