बत्तीस पायऱ्यांचं घर

नाही साहेब, आईशप्पथ, एक अक्षर खोटं नाही — हा बंगला खुद्द गव्हर्नरानं बांधला, अठराशे एकाहत्तरला. म्हणजे गव्हर्नरानं नाही, रेल्वेच्या एका इंग्रज इंजिनिअरानं — आणि साल पंच्याऐंशी धरा. पण दगड हितलाच! लिहा, लिहा. तुमच्या वारसा यादीत नाव चढलं की पाडता येत नाही म्हणे — मग नीट बघा ना. ही टोकदार कमान बघा, चर्चसारखी — खालून जाताना म्हाताऱ्यांना वाटतं, आपण अर्धे वर पोचलोच. छत अठरा फूट, बल्ब गेला की पुढच्या दिवाळीपर्यंत अंधार. ही भिंतीतली शेकोटी — लोणावळ्याच्या पावसात हिच्यात शेवाळ धरतं, आम्ही काठ्या ठेवतो. झोपायच्या खोल्या वर, संडास खाली, मधे बत्तीस पायऱ्या — वृद्धाश्रमाला याहून सोयीचं घर कुठं मिळणार? भिमाजीआबा सातलाच जिना उतरायला लागतात, त्यांना लागते नवाला.

हसताय काय? पाडून रिसॉर्ट झालं तर बाकीच्यांना न्यायला लांबचा भाचा-पुतण्या तरी येईल — चार नंबरच्या आईला, म्हणजे शालनमावशींना, कोण नेणार? त्यांना कुणीच नाही, रजिस्टरात लिहिलंय. हितं निराधारांनाच घेतात, नियम लय कडक. कुठंतरी लांब पाठवतील, सोलापूर नाहीतर आणखी पलीकडं — मग दिसायच्या कशा?

काय? आई म्हणालो? छे — मी माळी माणूस, मला सगळ्या आईच... हां, ती हाक ऐकली व्हय तुम्ही. “गोरख, जेवलास का रं?” — त्या सगळ्यांनाच विचारतात. तुम्हाला नाही विचारलं, ते खरं.

बसा जरा. कान्हे गावात माझी एकच खोली, त्यात बायको, दोन पोरी — रात्री कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची. तळेगाव स्टेशनवर बेवारस सापडली, असं सांगून मीच आणली तिला. तिनंही मान डोलावली. चार वर्षं चारचौघांत मला माळीदादा म्हणते — जेवायच्या वेळेला तेवढी विसरते.

तर साहेब, कमान खरी, पायऱ्या खऱ्या, मोजून घ्या. गव्हर्नर खोटा. आणि रजिस्टरातलं ‘कुणीच नाही’ — तेही माझंच. शपथ मात्र जित्या माणसाची घेतलीय.

निघा आता. आणि फाटकातून वळून वर बघू नका — ती हात हलवत बसते.