चौथ्या किल्लीपायी

नाही हो धुरपदाबाई, डास चावलाय तिथे, दुसरं काही नाही — भूमीच्या पायांना लावा ना तेल, तिचं डोकं राहू द्या आज. आणि उशीखाली काय बघताय, पुस्तक आहे ते. आईंना नका सांगू. बाळंतिणीने वाचलं की डोळे जातात म्हणतात त्या. भूमी पाच महिन्यांची झाली, मी आपली अजून बाळंतीणच. योगेशला म्हटलं होतं, जळगावला चाललाय तर त्या गुप्तहेराचा पहिला भाग आण. साहेब चौथा घेऊन आले. म्हणे, क्या फरक पडता है, खून तर सगळ्यांत होतोच.

आधी तर शिसारीच आली — एक बाई विष पोटात जाऊन मरते, तिच्या तोंडाला फेस काय, ती ओकते काय, दोन पानं तेच, आणि इकडे मी हिला पाजतेय. त्या गुप्तहेराची बायको मागच्या कुठल्या भागात सोडून गेली, खांद्यात गोळी कधी बसली, मला पत्ता नाही. खरं सांगू? तेच आवडलं. सगळं आधीच घडून गेलेलं, मला कोणी काही विचारणार नाही. एका खोलीच्या चार किल्ल्या, भाऊ तीन, मग चौथी कोणाकडे — काल दुपारी नुसती त्या किल्लीच्या मागे होते. एकच पान, म्हटलं. मग आणखी एक. शी, शिकलेली बाई मी, आणि विष कशात कालवलं ते मिटक्या मारत वाचतेय —

पलंग काही उंच नाही हो. कडेला उशी लावली होती मी. परवापर्यंत नुसते पाय झाडायची, पालथी पडेल असं कोणाला वाटेल? रडली लगेच. दूध प्यायली, ओकली नाही. टेंगूळही उतरलंय, सकाळी जास्त होतं —

तुम्ही काही विचारलंच नव्हतं, नाही का?

तो गुप्तहेर पण विचारत नाही. समोर गप्प बसतो, आणि माणूस आपणहून बोलत सुटतो. मी हसले होते, म्हटलं, इतकं येडं कोण असतं.

द्या इकडे तिला. राहू द्या तेल, मी पुसते. योगेशला फोन लावते, दवाखान्यात दाखवूनच आणू. आईंना मीच सांगते, डास नाही म्हणून. आणि हे पुस्तक न्या तुम्ही, बंबात घाला — नको. ठेवा. ती किल्ली अजून —

बघा, अशी आहे मी. जा तुम्ही आता.