दुसऱ्या मुलाची ताकद

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या आहारतज्ज्ञ मॅडम, आणि या विभागाबाहेरची बाकं माझ्याबरोबर झिजवलेल्या आईबापांनो,

मला बोलायची सवय नाही. वाचायची आहे, तीही लेकीच्या आजारपणात लागली. औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं लावता लावता मी पुस्तकांपर्यंत पोहोचले.

लेकीची मूत्रपिंडं जन्मापासून अधू. ती वाळत चालली, तेव्हा ह्यांनी दुकानातून टॉनिकची भली मोठी बाटली आणली. मॅडमनी ती फिरवून फिरवून वाचली. म्हणाल्या, "यात 'अ' जीवनसत्त्व आहे. हिच्या अंगात ते साठत जाईल आणि बाधेल."

हे चिडले. "म्हणजे बापानं विष आणलं म्हणा की!"

"छे हो! ताकदच आणलीत. फक्त दुसऱ्या मुलाची आणलीत."

हे हसले. त्यांना हसवणं सोपं नव्हतं, हे मी अधिकारानं सांगते.

मग मॅडमनी कॅल्शियमची गोळी समजावली. जेवणाआधी नाही, नंतर नाही, घासाबरोबर. अन्नातलं फॉस्फरस तिनं पोटातच धरून ठेवायचं, म्हणजे ते रक्तात चढून हाडं पोखरत नाही. तेव्हापासून ताट वाढलं की हे ओरडायचे, "ताकद आली का ताटात?" लेक गोळी दाखवायची, मगच पहिला घास.

हे गेले आणि लेकीनं गोळी सोडली. मी रागावले, विनवण्या केल्या. तिचं एकच, "बाबा विचारतील तेव्हा घेईन." रक्तात फॉस्फरस चढलं, तिचे पाय दुखू लागले. अशा वेळी आईनं जावं कुणाकडे? मॅडमकडे आले. त्या तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघत तिला विचारलं, "आई जेवते का गं?"

"कुठे! नुसती वाढते."

"मग आता विचारायचं काम तुझं. तिचा घास आणि तुझी गोळी, एकदमच."

घरी आल्यावर पोरीनं मला बापाच्या आवाजात दरडावलं, "ताकद आली का ताटात?" आम्ही दोघी जेवलो.

मॅडमचे बाकीचे गुण आधीच्या वक्त्यांनी सांगितलेच आहेत. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. मागे बशा भरायला लागल्यात, आणि तिसऱ्या रांगेत माझी लेक मूठ वर करून बसली आहे. मुठीत गोळी आहे. मी खायला बसल्याशिवाय ती घेणार नाही, म्हणून थांबते.