स्क्वालेनचे दोन थेंब

तोंडाला काहीतरी लावत जा म्हणताय ना, ऐका मग. सुट्ट्या लागल्या की आमच्या होमस्टेत माझी पाठ जमिनीला टेकत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा लेक पुण्याहून आली, मला बघितलं आणि पर्समधून एवढीशी बाटली काढली.

"आई, चेहरा बघ किती थकलाय! रोज दोन थेंब लाव. स्क्वालेन आहे."

"कशाचं असतं ते?"

"पूर्वी शार्कच्या लिव्हरमधून काढायचे, ते स्क्वालीन. हे ऑलिव्हपासून केलेलं, स्क्वालेन. लवकर खराब होत नाही."

सासूबाई ओटीवर सुकट निवडत होत्या. जन्म कोळीवाड्यातला. "शार्क म्हंजे मुशीच ना? मुशीचं तेल आमी होडीला लावायचो!"

लेक आणि मी पोट धरून हसलो. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "पन आदी होडी किनाऱ्यावर खेचायची. पावसाळाभर बसू द्यायची. मंग तेल. चालत्या होडीला कोन तेल लावतं?"

मी दोन थेंब गालाला चोळायला घेतले, तेवढ्यात अंगणातून पाहुण्यांची हाक आली, "काकू, अजून सहा चहा!"

तशीच तेलकट तोंडाने उठले. मागून सासूबाई लेकीला म्हणाल्या, "निघाली बग होडी."